मुलांच्या हाताच्या मापाची खरी भांडी हवी असतील तर साताऱ्यातलं हे दुकान बघाच

लहान पोरांना घरकामात घ्यायचं तर आधी त्यांच्या हाताला पेलेल अशी वस्तू पाहिजे, आणि अशा वस्तू साताऱ्यात मला एकाच ठिकाणी नीट मिळाल्या, मोती चौकाच्या जवळ आतल्या गल्लीत एक जुनं भांड्यांचं दुकान आहे तिथं. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली दोन-तीन तक्रारी पण आहेत आणि उगाच कुणाच्या धंद्याला धक्का नको, पण तिथं कुणालाही विचारा लहान मापाची भांडी कुठं मिळतात, दाखवतील. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, आणि एक का कापला ते पण सांगते.

आमच्या घरी दोन पोरं, मोठी मुलगी पहिलीत आणि धाकटा साडेतीन वर्षांचा. धाकट्याचं असं आहे की मी केर काढायला लागले की तो केरसुणी ओढायला येणारच, कणीक मळायला बसले की त्याला गोळा पाहिजेच, धुणं वाळत घालताना बादलीत हात घालून एकेक ओला कपडा काढून देणार आणि त्यातले निम्मे जमिनीवर पाडणार. हे सगळ्यांच्याच घरी असतं. आणि आपण काय करतो, मोबाइल हातात देतो, नाहीतर पोर झोपलं की पटापट कामं उरकून घेतो. मग तेच पोर दहा वर्षांचं झालं की आपणच ओरडतो की स्वतःचं ताट पण उचलत नाही. अहो जेव्हा उचलायला धावत होतं तेव्हा आपण "राहू दे, सांडशील" म्हणत होतो ना.

तर दुकानाकडे येते. बाहेरून बघितलं तर नेहमीचं भांड्यांचं दुकान, दारात प्लॅस्टिकच्या बादल्या टांगलेल्या, आत टोप, पातेली, कुकर, परातींच्या चळती, वर माळा आणि माळ्यावर जायला लाकडी शिडी. गल्ल्यावर मालकांची आई बसते आणि आत मालक स्वतः. डाव्या हाताच्या काचेच्या कपाटात पितळी भातुकली मांडलेली असते, चूल, जातं, पाटा-वरवंटा, बंब, सगळं बोटभर. माझी मुलगी आधी तिकडेच चिकटली. भातुकली सुंदरच आहे, खोटं कशाला बोलू, पण मला खेळणं नको होतं, मला असं पोळपाट पाहिजे होतं ज्यावर पोराने लाटलेली पोळी तव्यावर जाईल आणि जेवताना ताटात येईल. हे मी त्या आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग भातुकली कशाला बघतीयास बाई, रुखवताचं बघ की." आणि आतल्या बाजूला खालच्या फळीवरचा माल काढायला लावला.

आणि इथंच मला हे दुकान आवडलं. पोरांच्या मापाचं म्हणून वेगळं काही बनत नाही आपल्याकडे, पण लहान मापाची खरी, वापरायची भांडी आपल्या बाजारात कधीपासून आहेतच, फक्त ती दुसऱ्या नावाने विकली जातात. रुखवतात ठेवायला सात इंची पोळपाट आणि बारीक लाटणं मिळतं. देवपूजेसाठी छोटा तांब्या, पळी, पंचपात्र, ताम्हन मिळतं. नैवेद्याचं ताट म्हणून जे मिळतं ते साडेतीन वर्षांच्या पोराला दोन्ही हातात धरून चालायला अगदी बरोबर मापाचं. संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण लुटायला म्हणून ज्या छोट्या स्टीलच्या वाट्या, डबे, चमचे डझनावारी येतात ते तर पोरांसाठीच केल्यासारखे. त्यामुळे तुमच्या गावात हे दुकान नसलं तरी कुठल्याही भांड्यांच्या दुकानात जाऊन "लहान मुलांसाठी" असं म्हणू नका, म्हटलं की लगेच प्लॅस्टिकचा किचन सेट पुढे येतो. देवाचा तांब्या, रुखवताचं पोळपाट, वाणाच्या वाट्या असं सांगा, माल आपोआप निघतो.

आता एकेक वस्तू. सगळ्यात आधी पोळपाट-लाटणं कारण घरात त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. दुकानात दोन प्रकारचं होतं, एक चार पायांचं चकचकीत पॉलिश मारलेलं आणि एक साधं तीन पायांचं. मी चकचकीत उचललं तर मालकांनीच ते हातातून काढून घेतलं, म्हणाले ताई तीन पायांचं घ्या, फरशी कशीही असू दे हे डुगडुगत नाही, चार पायांचं एक पाय जरी उचललेला असला की लाटताना हलतं आणि पोर वैतागतं. आणि पॉलिश पिठात उतरतं ते वेगळंच. महाग सोडून स्वस्तातलं घ्या म्हणणारा दुकानदार कुठं भेटतो आजकाल? लाटणं निवडताना त्यांनी धाकट्याचा हात धरून मूठ किती बसते ते बघितलं आणि मग त्यातलं सगळ्यात बारीक काढून दिलं.

घरी पोळी लाटण्याचं बघण्यासारखं असतं. मुलगी आता बऱ्यापैकी लाटते, मध्ये जाड कडेला पातळ, पण फुगते. धाकटा लाटत नाही, तो लाटणं दोन्ही हातांनी दाबून पुढे ढकलतो, मग गोळा लाटण्यालाच चिकटून वर येतो, मग तो तो सोलून काढतो, परत पिठात बुडवतो, आणि हे करताना जीभ ओठाच्या कोपऱ्यात बाहेर आलेली असते आणि हाक मारली तरी ऐकू जात नाही. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारं पोर. त्याचा शेवटी जो काही आकार होतो तो मी भाजते आणि त्यालाच देते, किंवा त्याच्या बाबाला देते, आणि बाबा तो मुकाट्याने तूप लावून खातो. हा नियम मात्र आमच्याकडे पक्का आहे, पोराने केलेलं टाकून द्यायचं नाही. टाकलेलं पोरांना कळतं.

दुसरं म्हणजे पाणी वाढायला छोटा तांब्या. इथं वजन बघायला लागतं. पितळेचा तांब्या दिसायला देखणा पण रिकामाच जड, त्यात पाण्याचं वजन, लिटरभर पाणी म्हणजे सरळ एक किलो, एवढं साडेतीन वर्षांच्या पोराने एका हाताने वाकवून ओतायचं म्हणजे सांडणारच आणि मग आपण म्हणणार की तुला येत नाही. मी स्टीलचा अर्ध्या लिटरपेक्षा थोडा कमी बसेल असा घेतला आणि सोबत चोच असलेलं एक छोटं भांडं, चोच असली की धार एका जागी पडते. तो अर्धाच भरून द्यायचा. आता जेवायच्या वेळी पाणी घेणं हे धाकट्याचं काम आहे आणि दुसऱ्या कुणी घेतलेलं त्याला चालत नाही. सांडतं अजून, नाही असं नाही. म्हणून जुन्या पंच्याचे चार तुकडे करून त्यातला एक खाली खिळ्याला त्याच्या हाताला येईल असा टांगलाय, सांडलं की त्यानेच पुसायचं, रागावणं बिगावणं काही नाही, कपडा कुठे आहे एवढंच विचारायचं. पिळायला जमत नव्हतं त्याला, तर बाथरूममधल्या खालच्या नळाला कपडा अडकवून दोन्ही टोकं एकत्र धरून पीळ घालायला मालकांच्या आईनेच सांगितलं होतं, ते बरोबर जमलं.

तिसरी वस्तू केरसुणी. आधी मी ऑनलाइन मुलांचा क्लीनिंग सेट मागवला होता, कंपनीचं नाव नको, गुलाबी रंगाचा, त्यात झाडू, मॉप, सुपली सगळं. त्या झाडूचे प्लॅस्टिकचे केस इतके विरळ आणि मऊ की कचरा जागचा हलत नव्हता आणि सुपलीची कड जमिनीला टेकतच नव्हती, म्हणजे पोर झाडतंय झाडतंय आणि कचरा तिथंच. दोन दिवसात धाकट्याने तो झाडू सोडला आणि परत माझी केरसुणी ओढायला लागला. पोरांना खोटं काम ओळखता येतं हो. या दुकानात शिंदीच्या पानांची छोटी केरसुणी मिळाली, लक्ष्मीपूजनाला लोक नेतात तसली, आणि एक फुलझाडू घेऊन त्याचा दांडा मालकांनी आमच्यासमोर करवतीने कापून वर दोरी गुंडाळून दिली, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. नवीन फुलझाडूचा भुसा पडतो खूप, तो आधी अंगणात आपटून घ्या आणि एकदा पाण्यातून काढून उन्हात वाळवा, नाहीतर पोर झाडतंय आणि झाडूच कचरा करतोय असं होतं. केर भरायची सुपली पत्र्याची घेतली, तिची कड सपाट आहे. कचरा एका जागी यावा म्हणून मी खडूने फरशीवर एक चौकोन काढून देते, त्यात आणायचा, हे मुलीला इतकं आवडलं की कधीकधी कचरा नसला तरी झाडते.

केरसुणीवरून आमच्याकडे थोडं झालं. सासूबाई म्हणाल्या पोराच्या हातात केरसुणी कशाला, पोरीला शिकव. दुकानातही एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलंच, मुलीसाठी का. मी म्हटलं दोघांसाठी. यात मला काही मागेपुढे बघायचं नाहीये. तीन वर्षांच्या मुलाला माहीत पण नसतं की केर काढणं हे बायकांचं काम, ते त्याला आपण शिकवतो, केरसुणी हातातून काढून घेऊन शिकवतो. आमचे सासरे, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते एरवी कशात पडत नाहीत पण त्या दिवशी बोलले. ते रयतच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकलेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 ला साताऱ्यात आणली, इथल्या बोर्डिंगला 1927 ला गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचं नाव दिलं, हे साताऱ्यातल्या प्रत्येकाला माहितीये, पण अण्णा सांगत होते ते वेगळं, की त्यांच्या वेळी पाणी भरणं, झाडलोट, वाढणं सगळ्याच्या पाळ्या असायच्या आणि कुठल्याही जातीचं, कुठल्याही घरचं पोर असो, पाळी चुकायची नाही. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे भिंतीवर नुसतं लिहिलेलं नव्हतं म्हणाले, हातात खराटा असायचा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण आता देवाची भांडी घासायला त्या धाकट्याला घेऊन बसतात.

ते देवाच्या भांड्यांचं सांगते कारण माझ्या मते लहान पोरांना सुरुवात करून द्यायला यासारखं दुसरं काम नाही. भिजवलेली चिंच, चिमूटभर मीठ आणि काळं पडलेलं तांब्याचं ताम्हन. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा थर सोडवतं, त्यामुळे घासायला जोर लागत नाही आणि जिथं बोट फिरेल तिथं लगेच गुलाबी तांबं उघडं पडतं. धाकटा आधी एकच बोट फिरवतो, रेघ उमटली की थांबून बघतो, मग दुसरी रेघ, मग एकदम सगळा पंजा. सगळं झालं की बादलीत बुडवायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, नाहीतर डाग पडतात. आपण केलं आणि ते डोळ्यासमोर बदललं, हे एवढं स्पष्ट दिसणारं काम घरात दुसरं कुठलं आहे? फरशी पुसली तर पोराला फरक दिसत नाही, इथं दिसतो. या दुकानातलं छोटं ताम्हन आणि पळी-पंचपात्र मी त्यासाठीच घेतलं, ते तांब्याचं आहे, जाड पत्र्याचं, कड गोल वळवलेली.

कड वळवलेली हे मुद्दाम लिहिलं कारण पहिली तक्रार तीच आहे. वाणाच्या ज्या स्वस्त वाट्या आणि ताटल्या असतात त्यातल्या काहींची कड नुसती कापलेली असते, धार लागते. आपण कडेवरून बोट फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नका. मी घरी आणल्यावर एका ताटलीची कड लागली, परत नेली तर लगेच बदलून दिली पण अशी मुळात ठेवूच नये ना. दुसरं, लाटण्याला एके ठिकाणी लाकडाचं कुसळ होतं, काचपेपर मारून घ्यावा लागला, आणि पोळपाट-लाटण्याला आणल्यावर गोडेतेल चोळून एक रात्र ठेवलं. तिसरं म्हणजे छोटी कळशी घेतली होती तुळशीला पाणी घालायला, ती जोडाला झिरपत होती. ती पण बदलून मिळाली, पण दुसरी यायला बरेच दिवस लागले, माल कधी येईल हे नक्की सांगत नाहीत आणि फोन करून कळवतो म्हणतात पण कळवत नाहीत, आपणच चक्कर मारायची. याच्यासाठी एक स्टार कापलाय.

काही वस्तू या दुकानात असूनही मी घेतल्या नाहीत. लहान विळी होती, नको म्हटलं. छोटा लोखंडी खलबत्ता होता तो पण ठेवला, बत्ता पायावर पडला तर बोट जाईल. चिरायसाठी नागमोडी कटर घेतला, स्टीलचा, त्याची मूठ वरच्या बाजूला असते त्यामुळे बोटं पात्यापासून लांब राहतात आणि वरून दाबायचं असतं, ओढायचं नसतं. सुरुवात केळं, मग उकडलेला बटाटा, मग काकडी. तेही मी शेजारी बसलेली असतानाच. गॅसच्या ओट्याकडे दोघांनाही बंदी आहे, आणि फिनेल, ॲसिड वरच्या कपाटात कुलपात. पोरांना साफसफाईत घ्यायचं म्हणजे या बाटल्यांची जागा आधी बदलायची, हे सगळ्यात आधी करा.

बाकी कशालाच दुकानात जायची गरज नाही हे पण सांगते, कारण रिव्ह्यू लिहिते म्हणून सगळं विकतच घ्या असं नाही. मटार सोलणं, शेंगा फोडणं, मेथीची पानं खुडणं, लसूण सोलणं (पाकळ्या आधी कोमट पाण्यात टाकून ठेवायच्या, साल सुटून येतं), मोज्यांच्या जोड्या लावणं, रुमालाच्या घड्या, चपला ओळीत लावणं, याला फक्त जमिनीवर बैठक मारून आपण सोबत बसायला लागतं. सोबत बसणं महत्त्वाचं. "जा तिकडे बसून सोल" म्हटलं की पोर पाच शेंगांत उठतं, आपण सोलतोय आणि ते पण सोलतंय असं असलं की अख्खी पाटी संपते.

मला यात रस आहे म्हणून वाचत असते थोडं. 1982 मध्ये अमेरिकेत हॅरिएट राइनगोल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी घरासारखी खोली मांडून दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना तिथं झाडणं, आवरणं, कपड्यांच्या घड्या अशी साधी कामं करायला सांगितली, मुलांना मदत कर असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी बहुतेक मुलं आपणहून कामाला लागली. दीड वर्षाची! म्हणजे हे आपल्याच पोरांचं नाही, पोरं असतातच अशी. आणि दुसरं एक तर मला फार पटलं. आमच्या नणंदबाई म्हणतात प्रत्येक कामाला पाच रुपये द्या, पिगी बँकेत टाकतील, बचतीची सवय लागेल. पण वॉर्नेकेन आणि टोमासेलो या दोघांनी 2008 मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला, काही मुलांना मदत केल्यावर बक्षीस म्हणून खेळणं दिलं, काहींना नुसती शाबासकी आणि काहींना काहीच नाही, आणि नंतर ज्यांना आधी खेळणं मिळालं होतं तीच मुलं कमी मदत करायला लागली. म्हणून आमच्याकडे कामाला पैसे नाहीत. बचत वेगळी शिकवू. घरातलं काम घरातल्या माणसाने करायचं, त्याची मजुरी कसली?

मारिया मॉन्टेसरीबाईंनी 1907 मध्ये रोममध्ये लहान मुलांची शाळा काढली तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत झाडणं, पुसणं, पाणी ओतणं, बटणं लावणं हे शिक्षणाचाच भाग आहे. आज मॉन्टेसरीच्या नावाने विकले जाणारे लाकडी सेट बघा, किमती बघून डोळे फिरतात. पण आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, आणि पुढे बोर्डी आणि मग कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पोरांसाठी जे काम केलं ते आजूबाजूला मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंवरच केलं, शिंपले, बिया, पानं, दगड. त्यांना परदेशी साहित्य परवडणारं नव्हतं आणि त्याची गरज पण नव्हती. त्यामुळे साताऱ्याच्या बाजारातला देवाचा तांब्या हा त्या महागड्या सेटला पर्याय बिर्याय नाही, माझ्या मते तो त्याच्यापेक्षा सरस आहे, कारण तो पोराने आजीच्या हातात रोज बघितलेला असतो.

एक प्रश्न मला शेजारच्या वहिनींनी विचारला, की एवढ्या लहान पोरांकडून काम करून घेणं बरं दिसतं का. मला वाटतं फरक साधा आहे. पोराला नको असेल तेव्हा सोडून जाता येतं का, आणि काम त्याच्या अंगापेक्षा जड आहे का, एवढं बघायचं. लहान भावंडाला दिवसभर सांभाळ, पाण्याच्या घागरी आण, शाळा बुडव, हे काम नाही तो अन्याय आहे आणि आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या फडावर बघायला मिळतो तो. थंडीत फडावरच्या कोपीबाहेर, म्हणजे झोपडीबाहेर, सात-आठ वर्षांची पोरगी कडेवर भाऊ घेऊन उभी असते. तिला कुणी लहान मापाचं काही देत नाही. त्या पोरीचं आणि माझ्या पोराच्या पोळीचं एका तागडीत मापू नका एवढंच म्हणणं आहे.

असो. किमतींचं सांगते, मी घेतलं तेव्हाच्या. तीन पायांचं पोळपाट आणि लाटणं मिळून दोनशेच्या आत, स्टीलचा तांब्या शंभर-सव्वाशे, केरसुणी आणि फुलझाडू प्रत्येकी शंभरच्या आत, नागमोडी कटर साठ-सत्तर, तांब्याचं ताम्हन आणि पळी-पंचपात्र मात्र वजनावर, त्याला सगळ्यात जास्त गेले कारण तांब्याचा भाव. ऑनलाइनच्या त्या गुलाबी सेटला एकट्याला मी याच्या निम्मे पैसे घातले होते. घासाघीस करत नाहीत, करू पण नका, भाव वाजवी आहे. बिल मागितलं तर देतात, आपणहून देत नाहीत, बदलून घ्यायची वेळ येऊ शकते त्यामुळे मागाच. यूपीआय चालतं पण आजी गल्ल्यावर एकट्या असतील तर रोखच घेतात.

दुपारी एक ते साडेचार बंद असतं. पार्किंगचं नाव काढू नका, गाडी राजवाड्याच्या बाजूला लावून चालत या. पायऱ्या उंच आहेत आणि आत जागा कमी, त्यामुळे दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि संक्रांतीच्या वाणाच्या गर्दीत पोरांना घेऊन जाऊ नका, पण एरवी पोरांना घेऊनच जा, मूठ मापल्याशिवाय लाटणं घेऊ नका. मालक पोरांना वस्तू हातात घेऊ देतात, आपटलं तरी बोलत नाहीत. धाकट्याने तिथं एक परात पाडली, आख्खी गल्ली वळून बघायला लागली, तर आजी म्हणाल्या, "असू दे असू दे, स्टीलची हाय, फुटत न्हाई. उचल बाळा, ठेव जाग्यावर." आणि त्याने दोन्ही हातांनी उचलून ठेवली.

वाणाच्या वाट्या डझनाने घ्या, सुट्या महाग पडतात. आणि छोटं सूप हवं असेल तर ते इथं मिळत नाही, बुरुडाकडे सांगून करून घ्यायला लागतं, मी सांगून ठेवलंय.